ओढणीची दुहेरी टीप

ओढणी चाकात गेली तेव्हा जयू गात होती. म्हणजे खरी गात नव्हती, गाण्यावर ओठ हलवत होती. गाणं स्पीकरवर वाजत होतं. त्यामुळे तिचा आवाज बंद झाला ते कुणाला कळलंच नाही. स्पीकरमधली जयू मजेत गात होती आणि मोटारसायकलवरची जयू मागे मागे वाकत चालली होती. कॅमेरावाल्या परेशला वाटलं पोरगी अॅक्टिंग करते आहे. तो म्हणाला, "मस्त! असंच, असंच!"

मी केळीच्या बांधावर बसले होते. मांडीवर कात्री आणि सुयादोऱ्याची डबी. मी आधी ओढणी बघितली, पोरगी नंतर. एवढं चांगलं कापड, आता त्याला चाकाचं काळं लागणार, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं. मग जयूचे हात गळ्याकडे गेलेले दिसले.

मी जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही. माझ्या नातवानं, साहिलनं, गाडीची किल्ली फिरवली. चाक थांबलं, पण ओढणीचा पीळ तसाच राहिला. त्याचा दोस्त भूषण कापड हातानं फाडायला लागला. जॉर्जेट हातानं फाटत नाही. मी पोचले आणि पाठीमागचा ताणलेला भाग कापला. पोरगी पुढे पेट्रोलच्या टाकीवर पडली. तरी गळ्याचा वेढा सुटेना, कारण ओढणी दोन्ही खांद्यांवर कमीजला शिवलेली होती. मीच शिवली होती, मशीनवर, दुहेरी टीप घालून. एक खांदा उसवला तेव्हा वेढा सैल झाला. माझीच टीप उसवायला मला वेळ लागला, इतकी ती पक्की होती.

पोरीचं तोंड जांभळं झालं होतं. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तिला जीपमध्ये घातलं आणि शहाद्याकडे निघालो. मागे शेतात स्पीकर चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

मी शहाद्यात बँडवाल्यांचे कपडे शिवते. चौथीपर्यंत शिकले, मराठी शाळेत. पुढचं माझ्या नवऱ्यानं मशीनवर शिकवलं. तो गेल्यावर दुकान मी चालवलं. आमच्या भागात बँडशिवाय लग्न होत नाही आणि गणवेशाशिवाय बँड होत नाही. लाल कोट, सोनेरी लेस, खांद्यावर झालर, छातीवर गोंडे. लांबून राजासारखं दिसलं पाहिजे. जवळून बघायला कोण येतो?

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना सांगते. बँडचा कोट आणि नवरदेवाचा कोट यांत फार फरक आहे. नवरदेव नुसता बसतो. बँडवाला चालतो, वाजवतो, घामाघूम होतो. ढोलवाल्याला काखेत कापड जास्त सोडावं लागतं, नाहीतर तो पहिल्याच चौकात उसवतो. तोंडानं वाजवणाऱ्याचा गळा फुगतो, म्हणून त्याच्या कॉलरला बटण लावायचं नाही, हूक लावायचा, तोही सैल. माप घेताना मी आधी विचारते, "तू फुंकतो का बडवतो?" नवीन पोरं लाजतात.

शिवाय दर हंगामात माणसं बदलतात. म्हणून पाठीमागे आतून नाडी ठेवायची. बारीक माणूस आला की ओढून घ्या, जाडा आला की सोडा. एक बँडमास्तर होते, दर वर्षी त्यांचं पोट वाढायचं आणि दर वर्षी ते माझ्या टेपला दोष द्यायचे. "खाला, तुमचा टेप आटला." मी म्हणायची, "मास्तर, टेप धुतच नाही, आटेल कसा?" दुसऱ्या एका बँडमालकाला खांद्यावर शेजारच्या बँडपेक्षा जास्त चांदण्या हव्या होत्या. मी लावल्या. शेजारच्यानं आणखी वाढवल्या. मग पहिला परत आला. शेवटी दोघांच्याही खांद्यांवर जागा उरली नाही, तेव्हा ते थांबले.

पुढे डीजे आला आणि कोट कमी झाले. मग अहिराणी गाण्यांची शूटिंगं सुरू झाली आणि मला नवं काम मिळालं. शूटिंगचा कपडा म्हणजे अर्धा कपडा. कॅमेऱ्याला पुढची बाजू दिसते. पाठीमागे टाचण्या, चिमटे, काहीही चालतं. पण एक नियम मी नवऱ्याकडून शिकले होते. नाचणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या अंगावर जे लोंबतं ते टिच बटणावर ठेवायचं. कुठे अडकलं, कुणी ओढलं, की टिच करून सुटलं पाहिजे. बँडवाल्यांचे पट्टेसुद्धा मी असेच लावत आले, कारण वरातीत दारू प्यालेला कोणीतरी पट्टा धरून लोंबकळतोच. पट्टा हातात येतो, माणूस पुढे जातो.

हा नियम मला पाठ होता. म्हणून पुढचं लिहिताना लाज वाटते.

साहिल एक दिवस दोन जणांना घेऊन दुकानात आला. एक भूषण, गिटार वाजवणारा. दुसरी जयू, म्हसावदच्या बाजूच्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात जाणारी. साहिल म्हणाला, "दादी, हा आमचा बँड."

मी लगेच टेप काढला. "फुंकणारा कोण?"

तिघंही हसायला लागले. भूषण म्हणाला, "खाला, आमच्यात फुंकणारं कोणी नाही. मी गिटार, साहिल कीबोर्ड, जयू गाते."

"बँडचं नाव काय?"

"फुफाटा."

"असलं नाव सांगितल्यावर लग्नाला कोण बोलावेल?"

"आम्ही लग्नात वाजवत नाही."

"मग वाजवता कुठं?"

"घरात. मग मोबाइलवर टाकतो."

"घरात वाजवायला कपडे कशाला लागतात?" मी विचारलं. तेव्हा जयूनं मला नीट समजावलं. त्यांनी स्वतःचं एक गाणं केलं होतं, कुणाचं घेतलेलं नाही. नाव 'मन्ही गाडी'. एक मुलगी एसटीची वाट बघून कंटाळते आणि भावाची मोटारसायकल घेऊन स्वतःच कॉलेजला जाते, एवढीच गोष्ट. तिनं तिथेच, माझ्या मशीनला टेकून, दोन ओळी गाऊन दाखवल्या. मला गाण्यातलं कळत नाही. बँडच्या गाण्यांनी माझे कान कधीच बाद झाले आहेत. पण समोरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून दारात येऊन उभा राहिला होता. मोठा आवाज नव्हता, पण साफ होता, धुतल्यासारखा.

गाणं रेकॉर्ड झालं होतं. आता व्हिडिओ करायचा होता आणि जयूच्या आईची परवानगी मिळत नव्हती.

आई, लताबाई, दोन दिवसांनी स्वतःच दुकानात आली. सोबत जयू, आणि त्यांच्या मागे नंदुरबारचा कॅमेरावाला परेश. स्टुलावर बसायच्या आधीच लताबाईनं सुरुवात केली.

"खाला, देख. हाई पोर मोबाइलवर दिसनार. आखं गाव देखी. डोकावरतीन ओढनी सरकाले नको."

"नही सरकस. मी टिच बटन लावसू."

"बटन नको. बटन निंघी जास. पक्की शिव. मशीनवर शिव."

जयू म्हणाली, "माय, मंग डोकावर गोणपाटच शिवी टाक ना."

"तू चूप बस. तुन्हा मामाना फोन मले येस, तुले नही."

परेशचं दुखणं वेगळं होतं. त्याला लांब ओढणी हवी होती. "खाला, गाडी पुढे निघून गेली आणि ओढणी अजून मागेच आहे, असं वाटलं पाहिजे."

"पण गाडी तर जागेवरच उभी राहणार म्हणतोस."

"तेच तर! गाडी हलणार नाही, म्हणून ओढणी हलली पाहिजे. समोरून मोठा कुलर लावतो."

"आणि डोक्यावरून सरकायची नाही," लताबाई.

"आणि उडाली पाहिजे," परेश.

जयू माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की यातलं एक जरी जमलं नाही तरी व्हिडिओ होणार नाही. आणि मला सापडलं. ओढणी केसांच्या पट्ट्याला टाचायची, गळ्याभोवती एक वेढा घ्यायचा, दोन्ही खांद्यांवर मशीनची दुहेरी टीप मारायची आणि मागचा भाग हवा तेवढा लांब सोडायचा. डोकं झाकलेलं, गळा झाकलेला, आणि मागे कापड उडतंय. सुती कापड नीट उडत नाही, म्हणून जॉर्जेट. दोघांचंही म्हणणं राहिलं. मला माझी मीच फार हुशार वाटले. शिवून झाल्यावर लताबाईनं ओढून बघितली, जोर लावून ओढली, आणि पहिल्यांदा हसली. "आते कशी! कोनी बापले निंघाव नही."

परेश म्हणाला, "खाला, व्हिडिओत तुमचं नाव टाकतो." मी नको म्हटलं, पण नको म्हणायच्या आधी थोडी थांबले होते.

शूटिंग लताबाईच्याच शेतात होतं, केळीच्या बागेला लागून. गाडी डबल स्टँडवर लावली होती, म्हणजे मागचं चाक जमिनीपासून वर. परेशला चाक फिरताना दिसायला हवं होतं, म्हणून इंजिन चालू, गिअर टाकलेला. स्टँड घसरू नये म्हणून भूषणनं खाली विटा लावल्या. साहिल बाजूला पकडून उभा. लताबाईनं दोनदा विचारलं, "गाडी पळनार नही ना?" सगळ्यांनी सांगितलं, पळणार नाही. गाडी पळू नये याची आम्ही सगळ्यांनी काळजी घेतली. जागेवर फिरणारं चाकही कापड ओढून घेतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं. आयुष्यभर माझ्या शिलाई मशीनला चाक आहे आणि त्याच्यात माझा पदर कितीदा गेला आहे.

पहिल्यांदा ओढणी उडाली तेव्हा फार छान दिसली. मी बांधावर बसून बघत होते. गडी माणसं काम सोडून उभी होती. लताबाई मला म्हणाली, "डोकावरतीन जराबी नही सरकनी, देखं का?" मी म्हटलं, "देखं." मग परेशनं कुलरची दिशा जरा बदलायला सांगितली. वारा खालून यायला लागला, ओढणी वर जाऊन एका बाजूला पडली. पुढचं मी लिहिलं आहे.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि नंदुरबारला न्यायला सांगितलं. गळ्याला आतून सूज आली होती. नंदुरबारच्या दवाखान्यात नळी घातली. आम्ही व्हरांड्यात बसलो. साहिल आणि भूषण भिंतीला टेकून उभे होते, दोघांच्या हातांना चाकाचं काळं लागलेलं. परेश फोनवर कुणाला तरी सांगत होता, "एका म्हाताऱ्या टेलर बाईनं कात्रीनं वाचवलं." मी त्याला म्हटलं, "ओढणी कुणी शिवली तेही सांग." तो फोन घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

लताबाई माझ्या शेजारी बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच सांगं तुले, पक्की शिव."

"हा. तू सांगं."

"मी सांगी दिधं, मले शिलाईमधलं काय समजस? तू नही म्हनाले पाहिजे व्हतं."

तिचं खरं होतं. गिऱ्हाईक मागतंच. मास्तरला पोट आत दाखवणारा कोट हवा असतो, मालकाला चांदण्या हव्या असतात. कुठे नाही म्हणायचं ते शिलाईवाल्यानं सांगायचं असतं. तेवढ्यासाठीच तर लोक आपल्याकडे येतात, नाहीतर सुईदोरा घरोघरी आहे. मी अनोळखी ढोलवाल्यांच्या पट्ट्यांना टिच बटणं लावली आणि माझ्या दुकानात येऊन गाणाऱ्या पोरीच्या गळ्याभोवती दुहेरी टीप मारली. का, तर दोन माणसं एकाच वेळी माझ्यावर खूश होत होती.

नळी काढली त्या दिवशी मी आत गेले. जयूनं काहीतरी म्हटलं. कोरड्या पानांवरून पाय ओढत जावं तसा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं आत्ता सांगता येणार नाही. लताबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी आतच उभी राहिले. जयू माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं." डॉक्टरांनी तिला पुढं बोलायला मनाई केली होती. त्याचा मला तेव्हा आधार वाटला, हीसुद्धा लाजेचीच गोष्ट.

पुढे प्रश्न आला, व्हिडिओचं काय करायचं. साहिल आणि भूषणनं ठरवलं होतं की सगळं पुसून टाकायचं. ते जयूला सांगायला तिच्या घरी गेले. मीही गेले, कारण साहिल एकटा जायला घाबरत होता. लताबाईनं चहा केला, माझ्यापुढे कप ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "पुसी टाका. तोंड बी नको देखाले त्यानं."

जयू खाटेवर बसली होती. गळ्यावर अजून पट्टा उमटलेला होता. हळू, खरखरत, मध्ये थांबत बोलली. "माय, पुसानं नही. मन्हा आवाज आते त्यामाच शे."

तिचा जुना आवाज आता तेवढ्यातच उरला होता. लताबाई उठून बाहेर गोठ्याकडे गेली. बऱ्याच वेळानं परत आली आणि भूषणला म्हणाली, "टाक. पन ते चाकनं नको टाकू."

अपघाताच्या आधी जेवढं घेतलं होतं तेवढ्यावर परेशनं व्हिडिओ पूर्ण केला. गाणं चाललं. लोकांना फारच आवडलं. शहाद्याच्या एसटी स्टँडवर पोरं मोबाइलवर वाजवायची. मी तो व्हिडिओ पूर्ण एकदाच बघितला, साहिलनं जबरदस्तीनं दाखवला म्हणून. जयू हसते आहे, गाते आहे, मागे केळीची बाग आणि ओढणी उडते आहे. शेवटी माझं नाव येतं. मी साहिलला म्हटलं, काढ ते. तो म्हणाला, त्यासाठी सगळाच व्हिडिओ काढून परत टाकावा लागेल, बघितलेली माणसं सगळी जातील. मग राहू दिलं. नातेवाइकांनी फोन करून मला मुबारक दिली. कुणाकुणाला मी सगळं सांगितलं. काहींना नाही सांगितलं, कंटाळा आला.

खरी शिक्षा पुढे होती. मुली ती ओढणी मागायला लागल्या. स्कूटीवर बसून दुकानासमोर यायच्या, मोबाइल पुढे करायच्या. "खाला, अशीच. एवढीच लांब. खांद्यावर शिवलेली, सरकत नाही ती." एक मुलगी आईबरोबर आली. मी दोघींना आत बसवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. चाक, नळी, आवाज, सगळं. मुलीनं ऐकून घेतलं, मग मोबाइलकडे बघून म्हणाली, "पण व्हिडिओत तर ती हसते आहे."

आई म्हणाली, "आमनी पोर गाडी सावकाश चालाडस."

मी नाही म्हटलं. या वेळी मला नाही म्हणायला जमलं. त्या उठून पलीकडच्या टेलरकडे गेल्या. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मी संध्याकाळी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, बाबा, शिवायचीच असेल तर टिच बटण लाव, टीप मारू नको. तो म्हणाला, "खाला, गिऱ्हाईक पक्की मागतं." मलाही गिऱ्हाइकानं तेच मागितलं होतं. मी परत आले आणि मशीनवर झाकण टाकलं. नंतर त्यानं काही ओढण्यांना बटणं लावली, काहींना टीप मारली. गाडीवरून एखादी मुलगी तशी ओढणी घालून गेली की मी मान वळवून चाकाकडे बघते. दुकानात बसून एवढंच माझ्या हातात आहे.

जयूच्या गळ्याचे उपचार झाले, घरी गळ्याचे व्यायाम चालू आहेत. ती बोलते, पण आवाज जाड झाला आहे. भूषणनं तिच्यासाठी खालच्या सुरातलं गाणं केलं आहे. ती ते म्हणून बघते. कधी जमतं, कधी मध्येच आवाज तुटतो, मग ती चिडते आणि साहिलच्या कीबोर्डवर हात आपटते. साहिल म्हणतो, दादी, नवीन आवाज वाईट नाही, वेगळा आहे. ते खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून आहे, हे मला समजत नाही. जयूला विचारलं तर ती खरं सांगेल. मी विचारलेलं नाही.

लताबाई दुकानात येत नाही. मध्ये शहाद्याच्या बाजारात भाजीच्या गाड्यापाशी भेटली. दोघींनीही एकाच ढिगातून वांगी निवडली. मी विचारलं, "पोर कशी शे?"

ती म्हणाली, "शे."

आम्ही आपापल्या पिशव्या उचलल्या. जयू वाचली. ती वाचली म्हणून तिची आई वाचली. मीही जिवंत आहे.